कठड्यातली निळी रेघ

तेल मुरेना, तेव्हाच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

बाकीचा पलंग शहाण्यासारखा तेल पीत होता. उभे गज, मागचा कठडा, दोन्ही बाजूंच्या फळ्या, सगळ्यांवरून तिनं कच्च्या जवसाच्या तेलाचा बोळा फिरवला होता आणि बीचचं ते पांढुरकं लाकूड बघता बघता मधाच्या रंगावर आलं होतं. पुढच्या कठड्याची वरची पट्टी तेवढी रुसून बसलेली. तेल तिच्यावर नुसतं उभं. जेवून आलेल्या पाहुण्यापुढे ताट ठेवावं आणि त्यानं उगाच बोटं फिरवत बसावं, तसं. थोरलीनं फडक्यानं पुसलं, परत लावलं. कुठं पितेय, कुठं नाही. डागच डाग.

या घरात शेवटचा हात थोरलीचा. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. लाकूड निवडायचं सासऱ्यानं, म्हणजे आप्पांनी. कापायचं-जोडायचं तिच्या नवऱ्यानं, थोरल्यानं. घासायचं मधल्या दिरानं, आणि माल आणायचा, गिऱ्हाईक पटवायचं धाकट्यानं. सगळ्यांची करामत करून झाली की वस्तू थोरलीपुढे यायची, आणि कोणी कुठं अंगचोरपणा केलाय ते तेल लावल्याबरोबर उघडं पडायचं. तेल चहाडखोर असतं, असं सासू म्हणायची. सासू गेली, बोळा थोरलीकडे राहिला.

पण हा पलंग दुकानात जाणार नव्हता. धाकट्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, आणि येणारं मूल ह्याच्यात निजणार होतं.

ह्या पलंगावरून घरात आधीच एक रामायण होऊन गेलं होतं. माळ्यावर घरचा जुना पाळणा होता, आप्पांनी ऐन उमेदीत केलेला. तिघं भाऊ त्यातच वाढले. थोरलीला मूल नव्हतं, त्यामुळे तो खाली उतरवायचं कारणच पडलं नव्हतं. आता पडलं, तर धाकटीनं नाही म्हणून सांगितलं. ती औषधांच्या दुकानात कामाला. डबा हातात आला की आधी मागचं बारीक वाचणार. ही पाण्याच्या ग्लासावरचीसुद्धा तारीख बघेल, असं आप्पा हसून म्हणायचे. तिनं पाळण्याकडे बघितलं आणि म्हणाली, रंग जुना आहे, त्या काळच्या रंगात शिसं असायचं, दात येताना मूल कठडा चावतं, हा मला नको.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आपणहून म्हणाले, "नवीन करू."

इतक्या लवकर? आप्पा म्हणजे चहात साखर कमी पडली तरी दोन दिवस धरून बसणारा माणूस. थोरलीला तेव्हाच नवल वाटलं होतं. पण घर शांत झालंय तर कशाला खाजवा, म्हणून तिनं ते नवल गिळून टाकलं.

आणि मग लाकूड निवडताना सासऱ्या-सुनेचं असं काही जमलं की विचारू नका. तिला कुसळ नको होतं. आप्पांनी बीच काढलं. रेषा बारीक, कुरतडलं तर दबेल पण फुटायचं नाही. तिला प्लायवूड नको होतं, त्याच्या गोंदाचा वास महिनोन्महिने जात नाही म्हणून. आप्पा म्हणाले, माझ्या हातून मुलाच्या पलंगाला प्लायवूड कधी लागलं नाही आणि लागायचं नाही. गाठी असलेली फळी दोघांनी मिळूनच बाजूला केली. गाठ सुटली की भोक पडतं आणि पोरं भोकात बोट घालतातच. राहिलं पॉलिश. बाजारात 'उकळलेलं' म्हणून जवसाचं तेल मिळतं, त्याचा डबा धाकटीनं मागूनपुढून वाचला आणि ठेवून दिला. लवकर वाळावं म्हणून त्यात कसले कसले धातूंचे क्षार घालतात म्हणाली. तेव्हा थोरलीच बोलली, कच्चं तेल लावू, वर मधमाशांचं मेण. वाळायला आठवडे जातील तर जाऊ देत. मूलही कुठं उडी मारून येतंय?

असं सगळं निगुतीनं झालेलं. मग ही एकच पट्टी अशी का?

थोरलीनं ती खिडकीपाशी तिरकी धरली. लाकडाच्या रेषांत, केसाएवढं बारीक, काहीतरी निळं होतं. नखानं कोरलं तर नखात आलं. आतल्या कडेवरून अंगठा फिरवला तर बारीक खळगे लागले, जोडीजोडीनं. रंधा तिथवर पोचला नव्हता.

खिळ्यांच्या खुणा, तिच्या मनात आलं. खिळे, आणि निळा शिक्का. म्हणजे खोक्याचं लाकूड. मोठमोठी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, ती फोडून फळ्या विकणारे लोक आहेत. त्या लाकडाला कीड लागू नये म्हणून कसलं कसलं औषध मारलेलं असतं. धाकट्यानं मागे एकदा असल्या फळ्या आणल्या होत्या आणि आप्पांनी त्या रस्त्यावर फेकल्या होत्या.

शेजारी मधला काचकागद घेऊन गज घासत बसला होता. अंगानं चांगला दांडगा, कानशिलावर केस पिकायला लागलेले. त्याला हिशेब जमत नाही, निरोप सांगितला तर जिन्यावरच विसरतो, आणि कधी कधी कशावरून तरी असा भडकतो की थोरल्यालाच आवरावं लागतं. लहानपणी ताप डोक्यात गेला, असं घरात सांगतात. पण त्यानं घासलेल्या लाकडावरून रेशीम ओढावं, धागा अडकायचा नाही. तो उठून आला, पट्टीवर हात ठेवला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला.

"ही माझी," तो म्हणाला.

"हो भाऊजी, तुम्हीच घासलीत," थोरली म्हणाली, आणि पट्टी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली.

चहाच्या वेळी तिनं नवऱ्याला गाठलं. सरळ नाही विचारलं. पुढची पट्टी जरा जड वाटते, असं म्हणून बघितलं. थोरला म्हणाला, उरलेल्या फळीतली आहे. आणि हे म्हणता म्हणता त्याचा हात कानाकडे गेला, पेन्सिल शोधायला. पेन्सिल कानावरच होती.

आता इतकी वर्षं संसार केल्यावर बाईला एवढं कळतं. हा माणूस खोटं बोलायला लागला की पेन्सिल शोधतो. सासूच्या आजारपणात डॉक्टर काय म्हणाले हे विचारलं होतं, तेव्हाही शोधली होती. शिवाय उरलेल्या फळीचं तर थोरलीनं स्वतः चुलीशेजारचं फडताळ करून घेतलं होतं. उरलं होतं काय, भुसा?

म्हणजे नवऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे भाऊ भावाला झाकतोय.

ती खाली अंगणात गेली, तिथं धाकटा गाडीत खुर्च्या चढवत होता. त्याला मात्र तिनं तोंडावरच विचारलं, की भाऊजी, खोक्याचं लाकूड परत घरात आलंय का. त्यानं खुर्ची खाली ठेवली.

"वहिनी, माझ्या पोराच्या पलंगाला मी खोक्याचं लाकूड लावीन?"

"मी लावलंत म्हणाले नाही. आलंय का, विचारलं."

"दादाला विचारा ना. कापतो तो. माझ्याकडेच का येता पहिलं?" आणि मग त्यानं डोळे बारीक केले. "दादानं पाठवलं का तुम्हाला?"

दादानं पाठवलं नव्हतं, पण धाकट्याच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. गेल्या महिन्यापासून थोरला आणि आप्पा दोघंच कारखान्यात कुजबुजतात, आपण आलो की रंध्याचं पातं बघायला लागतात, हे त्यानंही हेरलेलं होतं. काहीतरी शिजतंय आणि आपल्याला ताटावर बसवत नाहीत. तो तसं बोलूनही गेला.

आणि नेमकी धाकटी जिन्यात उभी. पोटाखाली हात धरून.

"कसलं लाकूड?" ती म्हणाली.

दोघंही काही नाही म्हणाले, एकदमच. असं एकदम काही नाही म्हटल्यावर कोण विश्वास ठेवतो? धाकटी सरळ कारखान्यात शिरली, तेलाचा डबा उचलला, झाकण काढून वास घेतला, मागचं वाचलं, परत वास घेतला. मग फडक्यातली पट्टी उलगडली आणि तिच्यावरचे ते डाग बघितले. लाकडातलं तिला काय कळणार. तिला पॉलिश बिघडलेलं दिसलं, आणि पॉलिश कोणाचं?

"वहिनी, ह्याला दुसरं काही लावलंत का?"

आवाज साधाच होता. पण प्रश्नाच्या मागे जे होतं ते थोरलीच्या काळजात गेलं. हिला मूल नाही, हे धाकटी बोलली नाही. बोलणारही नाही, तशी ती नव्हे. तरीपण त्या घटकेला ते दोघींच्या मध्ये येऊन उभं राहिलं, आणि धाकट्यानं बायकोला गप्प केलं नाही, हेही थोरलीनं बघितलं.

"ज्या डब्यातलं तुझ्यादेखत उघडलं, त्यातलंच लावलंय," ती म्हणाली. "वाटलं तर मी चाटून दाखवते." आणि तिनं बोटानं तेल घेऊन खरोखरच जिभेला लावलं.

धाकटी ओशाळली. पण डबा घेऊन गेली वर. खोलीत ठेवून घेतला.

रविवारी सगळे एकत्र जेवायचे, हा सासूच्या वेळचा नेम. त्या रविवारी असं जेवण झालं की वाढणाऱ्याचा चमचा वाजला तरी माणसं दचकत होती. धाकटा भावाकडे बघत नव्हता. धाकटी थोरलीकडे बघत नव्हती. थोरला ताटाकडे बघत होता. आणि आप्पा, ज्यांना बडबड झाली की जेवण गोड लागत नाही अशी कायमची तक्रार, ते आज अगदी आनंदात जेवत होते. आज पलंग जोडायचा म्हणून. हा आनंद थोरलीला सगळ्यात जास्त खुपला. एवढ्या तणातणीत एकट्याच माणसाला भूक कशी लागते?

मधल्याचं जेवण आधी उरकलं. तो हात धुऊन येऊन खिडकीत बसला होता आणि कारखान्यातली पेन्सिल दाढेखाली धरून चावत होता. ही त्याची जुनी खोड. घरात एक पेन्सिल धड नाही. थोरलीनं सवयीनं हात पुढे केला, त्यानं सवयीनं पेन्सिल दिली. तिनं ती पदराला पुसली, आणि पुसता पुसता तिचा अंगठा थबकला.

खळगे. बारीक. जोडीजोडीनं.

खिळे कुठं जोडीनं मारतं कोणी?

ती मागचं आवरायला जाते म्हणून उठली, मागच्या पडवीतली शिडी लावली आणि माळ्यावर चढली. जुन्या पाळण्यावर चादर होती, चारी बाजूंनी नीट खोवलेली. सासू खोवायची तशी, पण सासूला जाऊन वर्षं झाली आणि चादरीवर धुळीचा कण नव्हता. तिनं चादर उचलली. निळा पाळणा, तीन पोरांच्या लाथाबुक्क्या खाल्लेला. रंगाचे पापुद्रे सुटलेले. आणि पुढच्या बाजूला वरची पट्टीच नाही. खुंट्या हळुवार काढून, पुसून, शेजारी ठेवलेल्या. असं काम या घरात एकच हात करतो, आप्पांचा.

थोरली माळ्यावर तशीच बसून राहिली. काल अख्खा दिवस ती चोर शोधत होती. आता सापडला, तर त्याच्याकडे बोट कसं करायचं कळेना. बोललं तर आप्पांची मान सगळ्यांपुढे खाली. आणि नवरा म्हणणार, तुला तेवढंच दिसलं. नाही बोललं तर धाकटीचं पोर येऊन त्या पट्टीला तोंड लावणार. आणि आणखी एक गोष्ट होती. ती थोरलीला तेव्हाही ठाऊक होती, सगळ्यांनाच ठाऊक होती असं आता वाटतं. पण त्या गोष्टीचं नाव कोणी घेत नव्हतं, म्हणून तीही घेत नव्हती.

खालून तिला हाका यायला लागल्या.

कारखान्यात मधोमध सतरंजी अंथरून पलंगाचे सुटे भाग मांडले होते. जोडायच्या आधी घरातल्या प्रत्येकानं तेलाचा एकेक हात फिरवायचा, मोठ्यापासून लहानापर्यंत, ही आप्पांची रीत. वरच्या खोलीतला डबा खाली आला होता, म्हणजे धाकटीनं निदान तेवढं माफ केलं होतं. आप्पांचा हात झाला. थोरल्याचा झाला. मधल्यानं दोनदा फिरवला. धाकटीला लवकर वर जाऊन पडायचं म्हणून तिला पुढे केलं. ती बोळा घेऊन नेमकी त्या पट्टीकडे वाकली.

"थांब," थोरली दारातून म्हणाली. "तिला हात लावू नकोस."

धाकटा म्हणाला, "आता काय वहिनी? काल माझ्यावर घेतलंत. आज कोणावर?"

"मी माळ्यावर जाऊन आले."

थोरल्याचा हात कानाकडे गेला. पेन्सिल आज तिच्याकडे होती. त्याला कानावर काही सापडलं नाही आणि हात तसाच हवेत राहिला.

आप्पांनी मात्र कांगावा केला नाही. माणूस तसा सरळ. म्हणाले, मी काढली. थोरल्याला शिडी धरायला लावली आणि कोणाला सांगू नको म्हणालो, त्याचा दोष नाही. नवा पलंग करा म्हणालात, केला. पण घरातलं पोर घरात येतंय, तर त्याला घरचं काही लागायला नको? तुमच्या आईचा हात रात्रंदिवस ह्या पट्टीवर असायचा. ती बसल्या बसल्या झोपायची, पण हात सुटायचा नाही. रंग सगळा खरवडलाय. रंधा मारलाय. आता नुसतं लाकूड आहे.

"नुसतं नाही आप्पा," थोरली म्हणाली. "रेषांत आहे अजून. माझ्या नखात आला."

धाकटीनं बोळा खाली ठेवला. ती ओरडेल असं धाकट्याला वाटलं असावं, त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण तिनं एकच विचारलं.

"खरवडला कुठं?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "मागच्या पडवीत. उजेड बरा असतो तिथं."

पडवीत दोरी होती. दोरीवर गेले पंधरा दिवस बाळाची दुपटी, लंगोट, टोपरी वाळत होती. थोरलीनंच धुऊन घातलेली, वाळली की घडी करून धाकटीच्या कपाटात. धाकटी रोज त्यांचा वास घ्यायची, गालाला लावायची. खरवडलेला रंग म्हणजे पीठ. पिठाला वारा लागतो.

धाकटी स्टुलावर बसली. कोणीतरी पाणी आणलं, ते तिनं प्यायलं नाही. तिनं हळूच सांगितलं, की रंग लाकडावर असतो तोवर एक वेळ बरा, त्याची धूळ केली की तो श्वासातून जातो, हातातोंडातून जातो, आणि पोटातल्या मुलापर्यंतही जातो. ती रागावून बोलत नव्हती, म्हणून जास्त लागत होतं.

आता आप्पांचा आवाज चढला. माणूस घाबरला की त्याचा आवाज चढतो, आप्पांचंही तेच. "एवढं काय आहे त्यात? तीन पोरं वाढली त्या पाळण्यात. तिघांनी चावला. काय झालं कोणाला?"

कोणीच मधल्याकडे बघितलं नाही. धाकटा सतरंजीकडे बघायला लागला. थोरला खिडकीकडे. धाकटीनं डोळे मिटले. थोरलीच्या हातात ती चावलेली पेन्सिल होती, ती तिनं मुठीत घट्ट धरली. एका खोलीत एवढी माणसं, आणि प्रत्येकानं मुद्दाम नजर दुसरीकडे फिरवलेली. आप्पांना ते दिसलं. आपण काय विचारून बसलो, ते त्यांना त्या नजरा बघून कळलं.

मधल्याला वाटलं, प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यायला पाहिजे.

"गोड लागायचा," तो म्हणाला.

"काय रे?"

"निळा. धाकट्याला झोका देताना मी खायचो. पापुद्रा काढून. आई मारायची." तो आठवून हसला. "गोड लागायचा पण."

धाकटीनं डोळे उघडले. ती बोलली ते जवळजवळ स्वतःशीच. "शिसं गोडच लागतं, आप्पा."

"ताप आला होता त्याला," आप्पा म्हणाले. "डोक्यात गेला ताप. डॉक्टर म्हणाले होते."

"आला असेल," धाकटी म्हणाली.

"मी नवा रंग दिला होता. मधल्याच्या वेळी. जुना उडाला होता म्हणून मुद्दाम चांगल्यातला आणून दिला होता." हे ते कोणाला सांगत होते कोण जाणे. मग ते ठोकळ्यावर बसले आणि किती तरी वेळ आपल्या हातांकडेच बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

थोरलीनं मग हुकूम सोडावेत तसं काम वाटून दिलं, कारण कोणीतरी वाटायला पाहिजे होतं. धाकटीनं आत्ताच्या आत्ता माहेरी जायचं, कपाटातलं एकही दुपटं न घेता. धाकट्यानं तिला सोडून सकाळी दवाखान्यात न्यायचं आणि रक्त तपासून घ्यायचं. पडवीत झाडू लावायचा नाही, कोणी फुंकायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकी पिशवीत बांधून टाकायची, आणि ते मी करते. निघताना धाकटीनं जिन्यापाशी तिचा हात धरला. काल मी तुमच्यावर, असं काहीतरी ती म्हणायला लागली. थोरलीनं पुरं करू दिलं नाही. म्हणाली, संशय आला म्हणून तर वास घेतलास. घेत जा.

पडवी पुसताना थोरला बादली घेऊन आला. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे त्याला बोलणं सोपं गेलं असावं.

"तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तू एक विचारलं असतंस तर दुसरं निघालं असतं. मधल्याचं. आणि मग आप्पा..."

"तुम्हाला वाटायचं का तसं? मधल्या भाऊजींचं?"

तो बराच वेळ एकच फरशी पुसत राहिला. "औषधवालीनं शिशाचं नाव काढलं त्या दिवसापासून," तो म्हणाला. "आप्पांना पण. म्हणून तर दुसऱ्या दिवशी लगेच नवीन करू म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी शिडी लावली. पट्टी लावली असती, पोर चांगलं धडधाकट वाढलं असतं, तर मग मधल्याचं ते रंगानं झालं नव्हतंच, नाही का?"

थोरलीच्या हातातलं फडकं थांबलं. म्हणजे आईचा हात, घरचं लाकूड, ते सगळं खरं. पण त्याच्या खाली हे होतं. म्हाताऱ्याला स्वतःची सुटका पाहिजे होती आणि ती त्यानं नातवाच्या तोंडाशी नेऊन बांधली होती. आणि त्याला स्वतःलाही हे कळलेलं नव्हतं, यात तिला शंका वाटेना.

धाकटीच्या रक्तात काळजीचं काही निघालं नाही. घरातल्या सगळ्यांचंच बघून घेतलं. आप्पांच्यात थोडं निघालं, खरवडताना गेलेलं. मधल्याला घेऊन आप्पा स्वतः गेले होते. परत आल्यावर थोरलीनं विचारलं नाही, तेच म्हणाले, डॉक्टर म्हणतात आजचं रक्त आजचं सांगतं. तेव्हाचं आता कोणी सांगू शकत नाही. ताप असेल, रंग असेल, दोन्ही असेल. मग थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुला काय वाटतं पोरी?"

तिला काय वाटतं ते तिला सांगता आलं असतं. तिनं त्यांचा चहा पुढे सरकवला.

"मला माहीत नाही आप्पा."

त्यांनी मान हलवली. खोटी समजूत घातली नाही म्हणून बहुतेक.

जुना पाळणा आणि ती पट्टी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून घराबाहेर गेली. जाळायची नाही, असं धाकटीनं फोनवरून बजावलं होतं. आप्पांनी नवी फळी काढली. ह्या वेळी लपूनछपून नाही, सगळ्यांदेखत, दारात उजेडाला बसून. कड गोल केली. मधल्यानं ती घासली, जेवायला उठवावं लागलं इतकी. थोरलीनं तेल लावलं आणि पट्टीनं ते असं प्यायलं की तिला बघत राहावंसं वाटलं. मग वाळायला ठेवली. रोज कोणी ना कोणी येऊन वास घेऊन जायचं. धाकट्यानंसुद्धा घेतला, इकडेतिकडे बघून. विश्वास परत यायलाही त्या तेलासारखाच वेळ लागत होता.

मूल झालं. मुलगी. धाकटी तिला घेऊन घरी आली तेव्हा पलंग मेण लावून, पुसून, खिडकीपासून आत ओढून ठेवलेला होता. धाकटीनं आधी पोरीला थोरलीच्या हातात दिलं आणि मग वाकून सगळ्या कठड्यांचे वास घेतले, कोपऱ्यांसकट. कोणी हसलं नाही. कोणाला राग आला नाही. मग ती बाजूला झाली.

मधला पुढे आला. पट्टीवरून त्यानं अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक खळगा नाही, एक खूण नाही. त्याला ते बरोबर वाटलं नसावं. तो वाकला, आणि सगळे बघत असताना कठडा दाढेखाली धरून चांगला कचकन चावला.

थोरला पुढे झाला, पण आप्पांनी हातानं त्याला थांबवलं.

मधल्यानं तोंड उचललं. लाकडावर दोन खळगे उमटले होते, जोडीनं. तो जीभ टाळूला लावून विचार करत राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "ह्याला चव नाही."

आप्पांनी त्या खळग्यांवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

"नसू दे," ते म्हणाले. "नसू दे रे बाळा."